नडगी दुखण्याआधी : मैदानावर आणि नृत्यवर्गात नव्याने उतरणाऱ्या मुलींसाठी हाडांची काळजी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मैदानांवर आणि नृत्यवर्गांत नव्या मुली दिसू लागतात. कोणाला तालुका पातळीवर धावायचे असते, कोणाला खो-खो किंवा कबड्डीच्या संघात निवड हवी असते, कोणी भरतनाट्यमचे पहिले अडवू (मूलभूत पदन्यास) शिकायला आलेली असते, तर पीयूसी (बारावी) झालेल्या काही मुली पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे साडेपाचला पळायला येतात. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात जातात आणि त्यानंतर कोणाची नडगी, कोणाचा चवडा, तर कोणाची कंबर दुखू लागते. हे दुखणे बहुधा 'सवय नाही म्हणून' असे म्हणून सोडून दिले जाते. बऱ्याचदा ते खरेही असते. जेव्हा ते खरे नसते तेव्हा काय करावे आणि मुळात ती वेळच येऊ नये म्हणून आधीपासून काय करावे, हे या मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

मी अनेक वर्षे शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि त्याआधी महाविद्यालयाकडून तीन हजार मीटर धावत असे. त्या काळात माझी उजवी नडगी सहा आठवडे दुखत होती. तेल चोळले, गरम पट्टी बांधली, 'नस धरली आहे' असे ऐकून घेतले आणि क्ष-किरण फोटोत काही दिसले नाही म्हणून पुन्हा पळाले. पुढच्या फोटोत हाडावर बारीक चीर स्पष्ट दिसली. ना मला शिकवणाऱ्यांनी, ना तपासणाऱ्यांनी, एका गोष्टीबद्दल मात्र कोणीच विचारले नाही : माझी पाळी त्याआधी सात महिने आलेली नव्हती. मीही ते कोणाला सांगितले नाही, कारण पाळी नाही म्हणजे सरावात खंड नाही, अशी सोय मला त्यात दिसत होती. ही सोय किती महागात पडते हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आधी हाड कसे चालते ते समजून घ्यावे

हाड म्हणजे घराच्या खांबासारखी एकदा उभी केली की संपली अशी वस्तू नाही. त्यात पोखरणाऱ्या पेशी असतात आणि भरणाऱ्याही असतात. धावण्याने किंवा पाय आपटण्याने हाडावर अतिसूक्ष्म तडे पडतात, पोखरणाऱ्या पेशी तो भाग कोरून काढतात आणि मागाहून भरणाऱ्या पेशी तेथे नवे, अधिक मजबूत हाड घालतात. आपल्याकडे रस्त्याची डागडुजी करताना खड्डा आधी चौकोनी कोरून मोठा करतात आणि मग भरतात, तसाच हा प्रकार आहे. कोरण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत होते, भरण्याला मात्र सुमारे तीन महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते आणि नेमक्या त्याच काळात वाहतूक वाढवली, तर खड्ड्याची भेग होते. सराव एकदम वाढवल्यानंतर तीन ते सहा आठवड्यांनी दुखणे का सुरू होते, याचे उत्तर या हिशेबात आहे. या भेगेला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. पडून किंवा मार लागून मोडलेल्या हाडापेक्षा हे वेगळे आहे, कारण येथे कोणताही एक अपघात घडलेला नसतो. लांब संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांची नोंद प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली केली, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या आपल्या बेळगावात भरतीसाठी पळणाऱ्या मुलींना आज होतो, तो हाच जुना आजार आहे.

मुलींच्या बाबतीत यात आणखी एक दुवा आहे. पाळीचे चक्र चालवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. पोटात पुरेसे अन्न जात नसेल, तर शरीर आधी जगण्याचा खर्च भागवते आणि जे लांबणीवर टाकता येईल ते टाकते. त्यात पहिली कात्री पाळीला लागते. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते, आवर सुटतो आणि कोरणे चालू राहून भरणे मागे पडते. अपुरे अन्न, थांबलेली पाळी आणि विरळ हाड या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९२ साली बोलावलेल्या अभ्यासगटाने मांडले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने हे चित्र आणखी विस्तारले : ऊर्जेचा तुटवडा हाडांबरोबरच हृदय, पचन, प्रतिकारशक्ती आणि मन यांवरही परिणाम करतो आणि तो पुरुषांनाही होतो. या अवस्थेला आता 'रेड-एस' असे संक्षेपाने म्हणतात.

वयाचा मुद्दा पालकांनी विशेष लक्षात घ्यावा. मुलींच्या हाडांत खनिज सर्वाधिक वेगाने साठते ते साधारण साडेबाराव्या वर्षाच्या आसपास. त्या दोनच वर्षांत प्रौढपणीच्या हाडांचा सुमारे चौथा हिस्सा तयार होतो आणि अठरा-वीस वर्षांपर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास साठा पूर्ण होतो. म्हणजे सहावी ते एसएसएलसी (दहावी) ही वर्षे हाडांच्या पेरणीची आहेत. नेमक्या याच वर्षांत मुलींना 'जरा बारीक हो' असे सांगितले जाते, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिली पायरी : एक वही घालावी

सराव सुरू करण्याच्या दिवशीच एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. मोबाइलमधील ॲप चालते, पण मोबाइल घरात एकच असेल आणि तो भावाच्या हातात असेल, तर वहीच बरी. तीत रोज एक ओळ लिहावी : सराव किती मिनिटे झाला, झोप किती तास झाली, कोठे दुखले का आणि पाळीचा दिवस असेल तर तशी खूण.

पाळीच्या नोंदीचे नियम असे आहेत. पहिली पाळी आल्यानंतरची दोन वर्षे चक्र थोडे अनियमित असू शकते आणि त्या काळात पंचेचाळीस दिवसांपर्यंतचे अंतर चालून जाते. त्यानंतर मात्र दोन पाळ्यांतील अंतर वारंवार पस्तीस दिवसांहून अधिक होत असेल, तर त्याची दखल घ्यावी. सलग तीन महिने पाळी आली नाही किंवा वयाची पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. 'खेळणाऱ्या मुलींची पाळी जातेच' हे वाक्य मैदानावर फार ऐकू येते. ते चुकीचे आहे. भरपूर सराव करूनही, अन्न पुरेसे असेल तर पाळी चालू राहते. पाळी थांबण्याची इतरही कारणे असतात. थायरॉइड, अंडाशयातील गाठी, इतर संप्रेरकांचे बिघाड, विवाहित मुलींच्या बाबतीत गर्भधारणा, ही सर्व डॉक्टर एकेक करून तपासतात. त्यामुळे 'सरावामुळेच असेल' हा निष्कर्ष घरी बसून काढू नये.

गोळ्यांबद्दल एक खुलासा येथेच करते, तसा करणे भाग आहे. स्पर्धा, गणपती किंवा घरातील कार्य यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. शिवाय काही मुलींना पाळी नियमित व्हावी म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या दिलेल्या असतात. गोळी थांबवल्यावर येणारा रक्तस्राव हा गोळीचा परिणाम असतो. शरीराचे स्वतःचे चक्र परत सुरू झाले, असा त्याचा अर्थ होत नाही आणि हाड सुरक्षित आहे, असाही नाही. वहीत अशा महिन्यापुढे 'गोळी' असे स्पष्ट लिहावे.

दुसरी पायरी : ताटाचा हिशेब

माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगते. क्रीडावैद्यकात 'उपलब्ध ऊर्जा' अशी एक मोजणी आहे. दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून सरावात खर्च झालेले उष्मांक वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याला शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागायचे. उत्तर पंचेचाळीसच्या आसपास असेल तर शरीराची सर्व कामे नीट चालतात आणि ते तीसच्या खाली बरेच दिवस राहिले तर पाळी व हाडे धोक्यात येतात. तीस ही काही सर्वांसाठी सारखी भिंत नाही, काही मुलींना त्याच्या वरही त्रास होतो. तरीही अंदाज घेण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे.

उदाहरण घेऊ. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीचे चरबीविरहित वजन समजा छत्तीस किलो आहे. ती रोज दोन तास सराव करते आणि त्यात सुमारे पाचशे उष्मांक खर्च होतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डब्यातील दोन चपात्या-भाजी, संध्याकाळी चिरमुरे आणि रात्री थोडा आमटी-भात असा दिवस असेल, तर पोटात जेमतेम दीड हजार उष्मांक जातात. त्यातून पाचशे गेले, उरले एक हजार. भागिले छत्तीस, म्हणजे अठ्ठावीसच्या आसपास. ही मुलगी उपाशी नाही, आजारी नाही, आईच्या दृष्टीने 'नेहमीसारखी जेवते' आहे आणि तरीही ती तिसाच्या खाली आहे. पंचेचाळीस गाठण्यासाठी तिला सुमारे एकवीसशे उष्मांक हवेत, म्हणजे रोज सहाशे अधिक. ही भर घालण्यासाठी महागड्या पावडरीचे डबे लागत नाहीत. जोंधळ्याची एक मध्यम भाकरी सुमारे दोनशे उष्मांक देते, मूठभर शेंगदाणे दीडशेहून अधिक आणि एक केळे शंभराच्या आसपास. त्यावर एक कप दूध घेतले, की बेरीज पूर्ण होते.

किती खाल्ले याइतकेच कधी खाल्ले हेही महत्त्वाचे आहे. पहाटेच्या सरावाआधी पूर्ण उपाशी राहू नये. एखादे केळे, दोन खजूर किंवा शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा तरी खावा. सराव संपल्यावर तासाभराच्या आत नीट न्याहारी व्हावी. बसने शाळा गाठायची असल्यामुळे खेड्यातील मुलींची हीच न्याहारी चुकते. उचगाव किंवा येळ्ळूरहून शहरात सरावाला येणाऱ्या मुलीने ती डब्यातच आणावी.

कॅल्शियमचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींना दिवसाला एक हजार ते एक हजार पन्नास मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन कप म्हणजे सुमारे चारशे मिलिलिटर दुधातून साडेचारशेच्या वर मिळते आणि शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठातून साडेतीनशेच्या आसपास. न सोललेले तीळ घालून केलेली चटणी दोन चमचे घेतली, तर आणखी शंभराच्या वर. उरलेले ताक, राजगिऱ्याची भाजी आणि शेवग्याचा पाला यांतून सहज भरून निघते. खानापूरच्या पश्चिमेकडे नाचणी घरची असते, पण मुलांना ती 'गरिबाची भाकरी' वाटते आणि पाहुणे आले की तांदळाची केली जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. नाचणीत कॅल्शियमचे शोषण रोखणारे काही घटक असतात. ती मोड आणून किंवा आंबवून, म्हणजे आंबिलीच्या रूपात घेतली, की ते कमी होतात. आजीची आंबील या बाबतीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. कर्नाटकातील सरकारी व अनुदानित शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचे दीडशे मिलिलिटर दूध मिळते आणि २०२४ पासून त्यात काही दिवस नाचणीचे माल्टही मिसळले जाते. वास येतो म्हणून ते ओतून देणाऱ्या मुलीला, त्या एका पेल्यात सुमारे पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम जाते, एवढे एकदा सांगून पाहावे. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मात्र दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही.

उपवासाबद्दल लिहिणे नाजूक आहे, तरीही टाळता येत नाही. श्रावण सोमवार, संकष्टी आणि नवरात्राचे नऊ दिवस यांचा हंगाम आणि दसरा क्रीडा स्पर्धांचा हंगाम आपल्याकडे एकमेकांत मिसळतो. उपवास करायचाच असेल तर निरंकार करू नये. रताळी, राजगिरा, शेंगदाणे, दूध, केळी हे सर्व उपवासाला चालते आणि बेळगावच्या पश्चिम भागात रताळ्यांना तोटा नाही. त्या दिवशी सराव अर्धा करावा. नऊ दिवस पूर्ण सराव आणि पूर्ण उपवास हे दोन्ही एकत्र करू नये, असे मी घरातील वडीलधाऱ्यांपाशीही स्पष्ट बोलत आले आहे.

वजनगटाच्या खेळांत, विशेषतः कुस्ती आणि ज्यूदोमध्ये, स्पर्धेआधी दोन-तीन दिवस पाणी तोडून वजन उतरवण्याची प्रथा वाढत्या वयाच्या मुलींनी अजिबात पाळू नये. वरच्या गटात खेळावे. नृत्यात वजनगट नसतो, पण आरसा असतो आणि पोशाखाचे माप असते. सर्वांसमोर मुलींचे वजन करणे किंवा त्यांच्या अंगाविषयी बोलणे शिक्षकांनी बंद करावे. एखादी मुलगी जेवण लपवू लागली, जेवल्यावर लगेच मोरीत जाऊन उलटी करू लागली, किंवा सुट्टीच्या दिवशीही सराव चुकला की घाबरी होऊ लागली, तर तिला रागावून उपयोग नाही. ते मनाचे दुखणे आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

तिसरी पायरी : ऊन

पहाटेच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते, ही आपल्याकडची समजूत बरीचशी चुकीची आहे. सूर्य वर आल्याशिवाय त्यातील उपयुक्त किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत हात-पाय उघडे ठेवून पंधरा ते तीस मिनिटे, आठवड्यातून काही वेळा, उन्हात राहणे उपयोगाचे ठरते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत, विशेषतः जांबोटी-लोंढा पट्ट्यात, ते शक्य होत नाही. नृत्य करणाऱ्या मुली तर वर्षभर छताखालीच असतात. अशा मुलींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करून घ्यावी. साठ हजार युनिटची पुडी मात्र शेजारणीचे पाहून घेऊ नये. ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतल्यास अपाय होतो.

चौथी पायरी : हाडाला काम द्यावे, पण बेताने

हाडाला आघात आवडतो, तो थोडा, जोरकस, वेगवेगळ्या दिशांनी आणि मध्ये विश्रांती ठेवून दिलेला असावा. तोच तोच आघात शेकडो वेळा दिला, तर काही वेळाने हाड त्याला प्रतिसाद देणे थांबवते. तडे मात्र पडतच राहतात. म्हणून केवळ लांब पळणाऱ्या मुलीपेक्षा दोरीवरच्या उड्या, लंगडी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलीची हाडे बहुधा अधिक भक्कम होतात. झिम्मा-फुगडी आणि लेझीम यांतील उड्या, बैठका आणि गिरक्या हा दहा-बारा वर्षांच्या मुलींसाठी उत्तम हाडांचा व्यायाम आहे. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा खेळणाऱ्या बायकांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. पोहणे आणि सायकल चालवणे हृदयासाठी फार चांगले, पण त्यात हाडावर शरीराचा भार पडत नाही. त्या खेळांतील मुलींनी आठवड्यातून दोन-तीन दिवस उड्या आणि वजनाचे व्यायाम जोडावेत. वजन उचलल्याने मुलगी राठ दिसते, ही भीती निराधार आहे.

नव्याने धावणाऱ्या मुलीने पहिले दोन आठवडे चालणे आणि धावणे आलटून पालटून करावे, आठवड्यातून किमान दोन दिवस धावू नये आणि अंतर, वेग व चढ या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. चौथा आठवडा हलका ठेवावा. हाडाचा खड्डा कोरलेला असण्याचा हाच काळ असतो. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर महिनाभरात सोळाशे मीटरची तयारी करू पाहणाऱ्या मुली या विषयातील सर्वाधिक धोक्याच्या गटात येतात. तयारीला किमान चार महिने द्यावेत. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे आणि तळ झिजलेले बूट नवे दिसत असले तरी बदलावेत.

नृत्यवर्गात फरशी पाहावी. आपल्याकडे बहुतेक वर्ग घराच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात भरतात आणि खाली शहाबादी, ग्रॅनाइट किंवा काँक्रीटवर बसवलेली टाइल असते. भरतनाट्यममध्ये अनवाणी तट्टअडवू (पाय आपटण्याचा अडवू) आणि कथकमध्ये घुंगरांचा भार घेऊन तत्कार (पायांचे ठेके) करताना प्रत्येक आघाताचा धक्का नडगीपर्यंत परत येतो. लाकडी पट्ट्यांवर उभारलेली, खाली पोकळी असलेली फळ्यांची जमीन सर्वांत चांगली. ती शक्य नसेल तर जाड रबरी चटई पूर्ण खोलीभर चिकटवून टाकावी. योगासनांची सुटी चटई घसरते, ती वापरू नये. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत) पाय बाहेर वळवण्याचे काम खुब्यातून व्हावे. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहत असेल तेवढेच वळावे, कारण खुबा वळत नसताना पाऊल ओढून बाहेर केले, तर पीळ गुडघ्यात आणि चवड्यात जातो. अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाच्या, आधीच्या दोन महिन्यांत सरावाचे तास एकदम दुप्पट होतात. गुरूंनी ते तास चार-पाच महिन्यांवर पसरावेत आणि पूर्ण जोराने नाचण्याऐवजी हाताने ताल धरून रचना मनात उजळण्याचे तास त्यात धरावेत.

पाचवी पायरी : उतरणे शिकावे

उडी मारून उतरताना आणि पळता पळता वळताना गुडघ्याच्या सांध्यातील मधला मुख्य बंध (एसीएल) तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. कबड्डी आणि खो-खो या दोन्ही खेळांत असे क्षण सतत येतात. उतरताना गुडघे वाकलेले आणि बोटांच्या रेषेत असावेत, ते आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकू देऊ नयेत आणि पाय टेकण्याचा आवाज शक्य तितका कमी यावा. आवाजाची ही कसोटी लहान मुलींना लगेच समजते. सरावाआधी पंधरा मिनिटे एका पायावर तोल, अर्ध्या बैठका, दोन पायांवर मऊ उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि पोट-कमरेची ताकद असा क्रम ठेवल्यास या बंधाच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आठवड्यातून दोनदा तरी हा क्रम चुकवू नये.

सहावी पायरी : दुखले तर

नव्या सरावाने स्नायू दुखतात तेव्हा दोन्ही पायांत, पसरट आणि दोन-तीन दिवसांत कमी होत जाणारे दुखणे असते. हाडाचे दुखणे वेगळे ओळखू येते. ते बहुधा एकाच पायात असते, एका बोटाने दाबून नेमकी जागा दाखवता येते, पळताना वाढत जाते आणि पुढे पुढे चालताना किंवा रात्री झोपेतही जाणवते. असे दुखणे असेल तर त्या दिवसापासून धावणे आणि उड्या थांबवाव्यात. वेदनाशामक गोळी घेऊन स्पर्धेत उतरू नये. त्या जागी जोराने मालीश करू नये आणि पाय ओढून घेण्यासाठी कोणाकडे जाऊ नये.

काही जागांच्या बाबतीत वाट पाहणे धोक्याचे असते. जांघेत किंवा खुब्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल आणि त्या पायावर भार देताना कळ येत असेल, तर तो पाय टेकणेच थांबवावे आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. मांडीच्या हाडाच्या मानेजवळची चीर सरकली, तर शस्त्रक्रिया लागू शकते. नडगीच्या अगदी पुढच्या कडेचे, पावलाच्या कमानीच्या वरच्या भागाचे, चवड्यातील दुसऱ्या लांब हाडाच्या मुळाशी असलेले आणि करंगळीच्या बाजूच्या हाडाचे दुखणे हेही हळू भरणाऱ्या जागांचे असते. मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखत असेल आणि तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर मणक्याच्या बारीक हाडात भेग असू शकते. नृत्य, जिम्नॅस्टिक्स आणि वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलींत ती आढळते.

सातवी पायरी : डॉक्टरांपुढे बसल्यावर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण फोटोत अशी चीर बहुधा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला आणि दुखणे तसेच असेल, तर 'एमआरआयची गरज आहे का' असे विचारण्यास संकोच करू नये. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय बिम्स या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे आणि मोठी खासगी रुग्णालयेही आहेत, त्यामुळे या तपासणीसाठी हुबळी किंवा कोल्हापूरला जाण्याची सहसा गरज पडत नाही.

वही बरोबर न्यावी. मराठी घरातील मुलीची खरी अडचण अनेकदा भाषेची आणि लाजेची असते. तपासणारे डॉक्टर किंवा परिचारिका कन्नड बोलणाऱ्या असतील, बरोबर वडील किंवा सर आलेले असतील आणि पाळीचा विषय निघतच नाही. कन्नडमध्ये पाळीला 'मुट्टु', दुखण्याला 'नोवु' आणि हाडाला 'एलुबु' म्हणतात. एवढे तीन शब्द आणि वहीतील पाळीचे पान पुढे केले, की बोलणे न बोलता होते. प्रशिक्षक पुरुष असतील, तर संघातील एखाद्या बाईंना किंवा ताईला मध्ये ठेवावे.

पाळी सहा महिन्यांहून अधिक बंद राहिली असेल किंवा अशी चीर दुसऱ्यांदा झाली असेल, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुचवली जाते. तिच्या अहवालात 'टी' आणि 'झेड' असे दोन गुण असतात. तरुण मुलींसाठी 'झेड' पाहायचा, कारण त्यात त्याच वयाच्या मुलींशी तुलना असते. 'टी' हा गुण पाळी कायमची बंद झालेल्या स्त्रियांसाठी आहे आणि तो वाचून अठरा वर्षांच्या मुलीला हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले गेले, तर तज्ज्ञांकडून पुन्हा खात्री करून घ्यावी. पळणाऱ्या व उड्या मारणाऱ्या मुलींची हाडे सामान्य मुलींपेक्षा दाट असायला हवीत. म्हणून त्यांच्यात 'झेड' उणे एकच्या खाली गेला, तरी कारण शोधले जाते.

आठवी पायरी : परत येणे

चवड्याची किंवा नडगीच्या आतल्या कडेची साधी चीर सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरते, धोक्याच्या जागांना याहून बराच अधिक काळ लागतो. त्या काळात दम टिकवण्यासाठी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यास, पोहणे किंवा सायकल चालवणे सुरू ठेवता येते. जेवण मात्र कमी करू नये. 'आता सराव नाही, मग खायचे कशाला' हा घरोघरी होणारा विचार भरणाऱ्या पेशींच्या तोंडचा घास काढून घेतो. अन्न वाढवल्यावर ऊर्जेची स्थिती काही दिवसांत ते आठवड्यांत सुधारते, पाळी परत यायला महिने लागतात आणि हाडांची घनता सुधारायला वर्षे लागतात, हा वेगवेगळा वेग आधीच माहीत असावा.

सलग तीस मिनिटे वेदनेशिवाय चालता येऊ लागल्यावर, एक दिवसाआड, एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे अशा फेऱ्यांनी सुरुवात करावी. दुखले तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर यावे. नृत्यात परतताना आधी बसून हस्तमुद्रा आणि अभिनय, मग घुंगरांशिवाय चटईवर पहिल्या काळात (सर्वांत संथ लयीत) तट्टअडवू, त्यानंतर दुसरा काळ आणि उड्यांचे अडवू सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. दुसऱ्या काळातून तिसऱ्या काळात जाण्याआधी वहीतील पाळीचे पान उघडून पाहावे. पाळी अजून परत आलेली नसेल, तर दुसऱ्या काळातच थांबावे आणि त्या आठवड्यात गुरूंशी बोलण्याआधी ताटाशी बोलावे.